सी ड्राइव्ह भरला, रिकामी जागा भलत्याच टोकाला: पार्टिशनच्या नोंदी

पार्टिशन म्हणजे डिस्कचा आखून वेगळा केलेला भाग. यंत्र: विंडोज ११, यूईएफआय (यंत्र सुरू करणारा, बायोसच्या जागी आलेला प्रोग्रॅम), जीपीटी डिस्क (जीपीटी म्हणजे डिस्कवरचा पार्टिशनांचा तक्ता). जुनी ५०० जीबीची फिरती हार्ड डिस्क, नंतर १ टीबीची साटा एसएसडी. आज्ञा इथे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना अर्थातच इंग्रजीत. विंडोजमध्ये जीबी म्हणजे १०२४ एमबी. ५०० जीबीची डिस्क ४६५.७६ आणि १ टीबीची ९३१.५१ दिसते ती याच हिशेबामुळे. जागा चोरीला गेलेली नाही.

सुरुवातीची मांडणी, डावीकडून उजवीकडे: ईएफआय (बूटच्या फाइली) १०० एमबी, एमएसआर (विंडोजने राखून ठेवलेली जागा) १६ एमबी, सी १५० जीबी, रिकव्हरी (विंडोजच्या दुरुस्तीची साधनं) ५३० एमबी, डी ३१५.१३ जीबी. सी वर ९ जीबी शिल्लक, डी वर ११० जीबी मोकळे. डी मधली जागा सी ला द्यायची, एवढंच काम होतं.

दिवस १, शुक्रवार, रात्री ९

डिस्क मॅनेजमेंट उघडून डी वर श्रिंक व्हॉल्यूम. ११० जीबी मोकळे असूनही फक्त ३८ जीबी कमी करता येतील असं आलं. कारण श्रिंक पार्टिशनच्या उजव्या टोकाकडून कापत येतं आणि न हलणारी फाइल आडवी आली की तिथेच थांबतं. ती फाइल कोणती हे अंदाजाने शोधत बसू नये. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये ॲप्लिकेशन लॉग उघडा आणि इव्हेंट क्रमांक २५९ पाहा. शेवटच्या न हलणाऱ्या फाइलचं नाव तिथे लिहिलेलं असतं. इथे पेजफाइल (रॅम अपुरी पडली की विंडोज वापरतो ती फाइल) निघाली. कधीतरी सी वरचा भार कमी करायला ती डी वर टाकली होती.

पेजफाइल डी वरून काढली, रीस्टार्ट केला. आता ७१ जीबी. तेवढे पुरेसे होते, म्हणून श्रिंक केलं आणि सी वर राइट क्लिक केलं. एक्स्टेंड व्हॉल्यूम फिकट, दाबताच येईना.

चूक साधी होती. डी कापला तर मोकळी जागा डी च्या उजवीकडे येते. सी ला हवी ती स्वतःच्या उजव्या कुशीला, अगदी चिकटून. मध्ये रिकव्हरी आणि अख्खा डी उभा. डिस्कवर किती जागा रिकामी आहे याच्याशी विंडोजला देणंघेणं नाही, ती कुठे आहे एवढंच तो बघतो. चित्रात पट्ट्या ज्या क्रमाने दिसतात तोच डिस्कवरचा खरा क्रम असतो. कुठलंही बटण दाबण्याआधी ते चित्र कागदावर उतरवून घेतलं असतं तर ही रात्र वाचली असती.

डी पुन्हा ३१५.१३ जीबी केला. पहिले पाढे पंचावन्न. वेळ गेला: अडीच तास.

दिवस १, रात्री १२

दुसरा मार्ग जीपार्टेडचा (पार्टिशन बदलण्याचा लिनक्समधला प्रोग्रॅम): डी लहान करायचा, उजवीकडे सरकवायचा, मग रिकव्हरी सरकवायची, मग सी वाढवायचा. हे जमतं, पण सरकवणं म्हणजे नकाशावर रेघ बदलणं नव्हे. पार्टिशनचा मजकूर त्याच डिस्कवर वाचून पुढे लिहावा लागतो. डी एवढ्या पार्टिशनला, वाचन आणि लेखन एकाच फिरत्या डिस्कवर होत असताना ४० एमबी प्रति सेकंद धरले तर सव्वादोन तासांच्या आसपास. मधेच वीज गेली तर अर्धा मजकूर जुन्या जागी, अर्धा नव्या, आणि फाइल सिस्टिम कुठल्याच जागी धड नाही. बॅकअप नसताना हे करू नये. आणि बॅकअप असेल तर सरकवायची गरजच उरत नाही, पार्टिशन पुसून नव्याने मांडता येतं. हा मार्ग सोडला.

निर्णय: एसएसडी आणायची, जुनी डिस्क जशीच्या तशी तीवर क्लोन करायची, आणि उरलेल्या अर्ध्या भागाचा वापर करून पार्टिशन न सरकवता फाइली हलवायच्या. जुनी डिस्क आपोआप बॅकअप म्हणून राहील.

दिवस २, शनिवार

क्लोनआधीची तयारी:

- स्मार्ट (डिस्क स्वतःच्या प्रकृतीची ठेवते ती नोंद) तपासणी. ०५ (बदललेले सेक्टर) आणि सी५ (प्रलंबित सेक्टर) दोन्ही शून्य. सी५ शून्य नसता तर डीडी (डिस्क जशीच्या तशी उतरवणारी लिनक्सची आज्ञा) न वापरता डीडीरेस्क्यू वापरावा लागला असता. डीडी खराब सेक्टरला आपटून थांबतो.
- बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन). मॅनेज-बीडीई -स्टेटस. इथे बंद होता. नव्या यंत्रांवर डिव्हाइस एन्क्रिप्शन मालकाच्या नकळत चालू असू शकतं, तेव्हा ४८ आकडी रिकव्हरी की आधी लिहून घ्या, आणि ती त्याच यंत्रावर ठेवू नका.
- पॉवरसीएफजी /एच ऑफ. यामुळे हायबरनेशनबरोबर फास्ट स्टार्टअपही बंद होतं. ते चालू असेल तर शट डाउन केल्यावरही विंडोजचा गाभा हायबरनेट अवस्थेत असतो आणि लिनक्सला एनटीएफएस (विंडोजची फाइल सिस्टिम) पार्टिशन अर्धवट उघडं दिसतं. शिवाय १६ जीबी रॅमवर हायबरफिल (हायबरनेशनची फाइल) साधारण साडेसहा जीबी खात होती, तीही गेली.

एसएसडी यूएसबी केसमध्ये घालून लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू केलं. आधी एलएसबीएलके (डिस्कांची यादी दाखवणारी आज्ञा), आकार, मॉडेल आणि सीरियल नंबरसकट. कुठली एसडीए आणि कुठली एसडीबी हे पेनड्राइव्ह कधी लावला यावरही बदलतं. डीडीमध्ये इफ (कुठून) आणि ऑफ (कुठे) उलटे झाले तर कोरी डिस्क भरलेल्या डिस्कवर उतरते, आणि डीडी काहीही विचारत नाही.

चूक दुसरी: बीएस (एका वेळी किती उचलायचं तो आकार) न देता आज्ञा सोडली. डीडी ५१२ बाइटच्या घासांनी खाऊ लागला, वेग २० एमबीच्या वर जाईना. दहा मिनिटांनी थांबवून बीएस=४एम देऊन पुन्हा. मग सुरुवातीला १०५, शेवटाकडे ५५. फिरत्या डिस्कच्या आतल्या कड्यांवर वेग पडतोच, त्यात बिघाड काही नाही. एकूण १ तास ४६ मिनिटं.

क्लोन झाल्यावर पार्टेड -एल (पार्टिशनांची यादी). त्याने लगेच विचारलं: डिस्कवरची सगळी जागा वापरात दिसत नाही, ९७,६७,५२,००० ब्लॉक जास्तीचे आहेत, फिक्स की इग्नोर? जीपीटीची एक प्रत डिस्कच्या सुरुवातीला असते आणि दुसरी अगदी शेवटच्या सेक्टरवर. क्लोनमध्ये ती दुसरी प्रतही जुन्या डिस्कच्या शेवटाइतक्याच अंतरावर, म्हणजे नव्या डिस्कच्या मध्यावर येऊन पडते, आणि तक्ता म्हणतो डिस्क इथेच संपली. फिक्स. आता ४६५.७५ जीबी अनअलोकेटेड दिसू लागली.

जुनी डिस्क काढली, एसएसडी बसवली, पहिल्याच फटक्यात विंडोज सुरू झालं. पार्टिशनचे ओळखक्रमांकही क्लोनमध्ये तसेच उतरतात, म्हणून बूटची नोंद बदलावी लागली नाही. पण याच कारणाने दोन्ही डिस्का एकदम जोडू नयेत. विंडोजला दोघींची ओळख सारखी दिसते, तो एकीला ऑफलाइन करतो. आणि आपण ती हौसेने ऑनलाइन केली की विंडोज तिची ओळख बदलून टाकतो. ती डिस्क मग सुरू होईलच असं नाही. जुनी डिस्क केसमध्ये घालून, चिठ्ठी लावून कपाटात.

दिवस ३, रविवार

आता क्रम असा: सी, रिकव्हरी, डी, आणि उजव्या टोकाला ४६५.७५ जीबी रिकामी. सी वर एक्स्टेंड अजूनही फिकट. अपेक्षितच.

योजना: उजव्या टोकाला नवं पार्टिशन करायचं, डी च्या फाइली तिथे न्यायच्या, जुना डी आणि रिकव्हरी पुसायचे, सी वाढवायचा, रिकव्हरी नव्याने करायचं.

न्यू सिंपल व्हॉल्यूम, ४०९६०० एमबी म्हणजे ४०० जीबी, एनटीएफएस, लेटर ई. सगळी जागा दिली नाही. उरलेले ६५ जीबी मुद्दाम उजवीकडे ठेवले, म्हणजे उद्या हाच ड्राइव्ह भरला तर तो जागच्या जागी वाढेल. एसएसडीला कोरी जागा राखून ठेवल्याचा फायदाही मिळतो, पण खरं कारण पहिलं.

रात्री ११ वाजता रोबोकॉपी (विंडोजची फाइली कॉपी करणारी आज्ञा) लावून झोप:

रोबोकॉपी डी:\ ई:\ /ई /कॉपीऑल

दिवस ४, सोमवार, सकाळी ७

एकही फाइल गेलेली नव्हती. पडद्यावर फक्त "एरर ५, ॲक्सेस नाकारला, ३० सेकंद थांबत आहे" याच्या ओळी. अडकला होता सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन या फोल्डरवर. रोबोकॉपीला न सांगितल्यास तो अडलेल्या ठिकाणी दहा लाख वेळा प्रयत्न करतो, दर वेळी ३० सेकंद थांबून. हिशेब केला तर साडेअकरा महिने. आठ तास गेले, तेवढ्यावर निभावलं.

दुरुस्त आज्ञा, ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून:

रोबोकॉपी डी:\ ई:\ /ई /बी /कॉपीऑल /डीकॉपी:डीएटी /एक्सजे /आर:१ /डब्ल्यू:१ /एमटी:८ /एक्सडी "सिस्टिम व्हॉल्यूम इन्फर्मेशन" "$रीसायकल.बिन" /लॉग:सी:\कॉपी.टीएक्सटी

आर (किती वेळा पुन्हा प्रयत्न) आणि डब्ल्यू (दर वेळी किती सेकंद थांबायचं) महत्त्वाचे. कॉपीऑल नसेल तर फाइलींवरच्या परवानग्या जात नाहीत आणि दुसऱ्या यूझरची फोल्डरं नंतर नखरे करतात. एक्सजे मुळे जंक्शनच्या (एका फोल्डरमधून दुसऱ्याकडे नेणाऱ्या दुव्याच्या) चक्रात तो फिरत बसत नाही. एक्झिट कोड १ आला तर घाबरू नका, त्याचा अर्थ फाइली कॉपी झाल्या. ८ किंवा त्याहून मोठा आला तर काहीतरी राहिलं.

२०५ जीबी, ३ लाखांवर फाइली, ४१ मिनिटं. मग तीच आज्ञा /एल (कॉपी न करता फक्त यादी) लावून परत चालवली: कॉपी करायच्या फाइली शून्य. रोबोकॉपी फक्त आकार आणि वेळ ताडून पाहतो, आतला मजकूर नाही; म्हणून मोठ्या दहा-बारा फाइलींचे हॅश (मजकुरावरून काढलेला आकडा) वेगळे जुळवले.

दिवस ४, रात्री

पुसण्याआधी लेटरांची अदलाबदल: जुना डी झाला एक्स, नवा ई झाला डी. पहिल्या प्रयत्नात ड्राइव्ह वापरात आहे असं उत्तर आलं. डी वर बसवलेला एक सिंक प्रोग्रॅम मागे चालू होता. तो बंद केला, मग झालं. डॉक्युमेंट्स वगैरे फोल्डरांचे पत्ते डी:\ असेच राहिले, काही बदलावं लागलं नाही.

इथे दोन दिवस थांबलो. घाई करून एक्स त्याच रात्री पुसण्यात काही मिळकत नव्हती, आणि राहून गेलेली फाइल वापरतानाच आठवते.

दिवस ६, बुधवार

तक्रार एकही नाही. आता पुसणं.

रिकव्हरीचं पार्टिशन तसंच उडवलं तर विंडोजचं दुरुस्तीचं वातावरण त्याच्याबरोबर जातं, आणि मग विंडोजच्या आयएसओमधल्या इन्स्टॉल.विमच्या पोटातून विनआरई.विम (त्या वातावरणाची फाइल) काढून आणावी लागते. म्हणून आधी:

रीएजंटसी /डिसेबल

याने विनआरई.विम सी:\विंडोज\सिस्टिम३२\रिकव्हरी मध्ये परत येते. ती तिथे आहे हे डोळ्यांनी पाहूनच पुढे जा. फाइल लपवलेली असते, म्हणून डीआयआर /ए.

डिस्क मॅनेजमेंटमध्ये रिकव्हरीवर राइट क्लिक केलं तर हेल्पशिवाय काही मिळत नाही. डिस्कपार्टच (आज्ञा देऊन पार्टिशन हाताळण्याचं विंडोजचं साधन) लागतो: लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क ०, लिस्ट पार्टिशन, सिलेक्ट पार्टिशन ४. इथे डिलीट म्हणण्यापूर्वी पुन्हा एकदा लिस्ट पार्टिशन द्यावं. निवडलेल्या ओळीपुढे चांदणी दिसते. चांदणी ५३० एमबीच्या ओळीपुढे आहे हे पाहून डिलीट पार्टिशन ओव्हरराइड. ओव्हरराइड नसेल तर संरक्षित पार्टिशन पुसायला तो नकार देतो. मग तसंच जुना डी, पार्टिशन ५. चुकून दुसरंच पुसलं गेलं तर तिथेच हात थांबवा, काहीही नवं बनवू नका, फॉरमॅट करू नका. पुसली गेली असते ती फक्त तक्त्यातली नोंद, आणि टेस्टडिस्क ती बऱ्याचदा शोधून परत लिहितो. एसएसडीवर मात्र फॉरमॅट केलं की ट्रिममुळे (कुठली जागा रिकामी झाली हे विंडोज एसएसडीला कळवतो त्यामुळे) मजकूरही जातो.

सिलेक्ट पार्टिशन ३, एक्स्टेंड साइझ=१५३६००. दोन सेकंद. सी ३०० जीबी. शुक्रवारपासून ज्यासाठी झटापट चालली होती ते एवढंच.

दिवस ६, संध्याकाळ: रिकव्हरी परत करताना

जुनं ५३० एमबीचं होतं, नवं १०२४ एमबीचं ठरवलं. जानेवारी २०२४ मध्ये विंडोज १० चं केबी५०३४४४१ हे अपडेट अनेक यंत्रांवर ०एक्स८००७०६४३ अशी चूक दाखवून अडत होतं, कारण रिकव्हरी पार्टिशनमध्ये पुरेशी मोकळी जागा नव्हती; मायक्रोसॉफ्टने तेव्हा सी मधून २५० एमबी काढून ते वाढवायला सांगितलं होतं. एक जीबीला कंजुषी करण्यात अर्थ नाही.

क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइझ=१०२४

आणि इथे तिसरी चूक. ऑफसेट (डिस्कवर कुठून सुरुवात करायची तो आकडा) न दिल्याने डिस्कपार्टने ते पहिल्या पुरेशा मोकळ्या जागेत ठेवलं, म्हणजे सी ला खेटून. जी भिंत पाडण्यासाठी एवढा खटाटोप केला तीच पुन्हा उभी राहिली. वर रीएजंटसी /इनेबल दिलं तर ते यशस्वी म्हणालं, पण रीएजंटसी /इन्फो मध्ये जागा दिसली पार्टिशन३, म्हणजे सी स्वतः. नव्या पार्टिशनला रिकव्हरीचा आयडी दिलाच नव्हता. ते साधं डेटा पार्टिशन समजून त्याने वगळलं.

पुन्हा रीएजंटसी /डिसेबल, ते पार्टिशन पुसलं. या वेळी जागा मोजून. विंडोजच्या हिशेबात नवा डी सुरू होतो ४,७६,९३९ व्या एमबीवर. त्याच्या आधीचे १०२४ एमबी हवे, म्हणजे सुरुवात ४,७५,९१५ वर. डिस्कपार्टचा ऑफसेट केबीत असतो, म्हणून गुणिले १०२४:

क्रिएट पार्टिशन प्रायमरी साइझ=१०२४ ऑफसेट=४८७३३६९६०
फॉरमॅट क्विक एफएस=एनटीएफएस लेबल=रिकव्हरी
सेट आयडी=डीई९४बीबीए४-०६डी१-४डी४०-ए१६ए-बीएफडी५०१७९डी६एसी
जीपीटी ॲट्रिब्यूट्स=०एक्स८००००००००००००००१

शेवटच्या ओळीत ८ आणि १ च्या मध्ये चौदा शून्यं आहेत. एक कमी पडलं तर पार्टिशनला लेटर मिळून ते एक्सप्लोररमध्ये डोकावू लागतं. टाइप न करता मायक्रोसॉफ्टच्या पानावरून उचललेलं बरं. मग रीएजंटसी /इनेबल, आणि इन्फोमध्ये नव्या पार्टिशनचा क्रमांक. शिफ्ट धरून रीस्टार्ट करून दुरुस्तीचा निळा पडदा खरंच येतो का तेही पाहिलं.

मायक्रोसॉफ्ट रिकव्हरी सी च्या लगेच नंतर ठेवायला सांगते, आणि इन्स्टॉलर तसंच ठेवतो. इथे ते जाणूनबुजून मोडलं आहे. सी च्या उजवीकडे १६४.६५ जीबी रिकामी राहते आणि सी उद्या माउसने वाढवता येतो. मोठं अपडेट स्वतःच सी मधून कापून दुसरं रिकव्हरी पार्टिशन करण्याचा धोका राहतो. अपडेटनंतर एकदा चित्र पाहायचं, बस.

दिवस ७, गुरुवार: उरलीसुरली तपासणी

एफएसयूटिल बिहेवियर क्वेरी डिसेबलडिलीटनोटिफाय: ०. म्हणजे ट्रिम चालू. नाव उलटं असल्याने १ बघून खूश होणारे बरेच असतात. १ म्हणजे बंद.

क्लोनमध्ये जुन्या डिस्कची रिकामी जागाही लिहिली गेली होती, एसएसडीच्या लेखी ती सगळी भरलेली. म्हणून डीफ्रॅग सी: /एल आणि डी वरही एकदा. हे डीफ्रॅग नव्हे, फक्त रीट्रिम.

अलाइनमेंट (पार्टिशनची सुरुवात ४०९६ बाइटच्या, म्हणजे ८ सेक्टरांच्या खान्याच्या हद्दीवर आहे का): गेट-पार्टिशनमध्ये सी चा ऑफसेट १२२६८३३९२ बाइट. भागिले ४०९६ बरोबर २९९५२, बाकी शून्य. ठीक. एक्सपीच्या काळातली डिस्क क्लोन करणाऱ्यांना इथे ६३ व्या सेक्टरपासून सुरू होणारं पार्टिशन सापडेल. ६३ ला ८ ने भाग जात नाही, त्यामुळे एकेका लेखनाला दोन-दोन खाने उघडावे लागतात. ती डिस्क अशी क्लोन न करता पार्टिशन नव्याने बनवून फाइली न्याव्यात.

आत्ताची मांडणी: ईएफआय १०० एमबी, एमएसआर १६ एमबी, सी ३०० जीबी, रिकामी १६४.६५ जीबी, रिकव्हरी १ जीबी, डी ४०० जीबी, रिकामी ६५.७५ जीबी.

लागलेला वेळ: प्रत्यक्ष कामाचे साधारण सहा तास, त्यात शुक्रवारचे अडीच फुकट, रोबोकॉपीची आठ तासांची रात्र वेगळी. १६४.६५ जीबीच्या पट्ट्यात लिनक्स टाकायचं झालं तर सी ची वाढ तिथेच संपते, म्हणून सी किती वेगाने भरतो ते बघेपर्यंत पट्टा मोकळा. जुनी डिस्क महिनाभर कपाटातून काढायची नाही.